गच्चीवरचं मॉस आणि अंटार्क्टिकातलं ब्रायम: प्रकल्प नोंदी

१६ जून

ओझोन दिनाचं प्रदर्शन यंदा बॉटनीकडे आलंय. सप्टेंबरला वेळ आहे, पण मॉस (भिंतींवर गादीसारखी वाढणारी, फुलं न येणारी छोटी हिरवी वनस्पती) हवं असेल तर ते आत्ताच, पावसात, म्हणून वही आजपासूनच सुरू करतेय. विषय अंटार्क्टिका, हे एचओडी सरांनी स्टाफरूममध्ये चहा संपायच्या आत ठरवून टाकलं. ओझोनचा थर विरळ होतोय हे १९८५ ला तिथल्याच मोजमापांवरून जाहीर झालं, त्यामुळे विषय बरोबरच आहे. झूलॉजीवाल्यांनी लगेच पेंग्विन बुक केले. मग आम्ही काय मांडायचं, थर्माकोलचा बर्फ?

मी म्हटलं मॉस मांडू. अख्ख्या खंडात बर्फाविना उघडी जमीन एक टक्कासुद्धा नाही, फुलं येणाऱ्या वनस्पती फक्त दोन आणि त्याही द्वीपकल्पाच्या बाजूला, बाकी सगळा कारभार मॉस, लायकेन (दगडफूल) आणि शैवालांचा. आणि आपल्याकडे सांगायला गोष्ट पण आहे. भटिंड्याच्या सेंट्रल युनिव्हर्सिटी ऑफ पंजाबचे फेलिक्स बास्ट ३६व्या भारतीय मोहिमेत गेले होते, त्यांना जानेवारी २०१७ मध्ये लार्समन हिल्सवर, भारताच्या भारती संशोधन स्टेशनच्या जवळ, गडद हिरवं मॉस मिळालं. ते नवीन जात म्हणून २०२१ ला प्रसिद्ध झालं, ब्रायम भारतिएन्सिस. स्टेशनच्या नावावरून नाव.

सर म्हणाले छान आहे, फोटो लावा आणि माहिती लिहा. एवढंच करायचं तर एका रात्रीत होईल. मला त्या २०१७ ते २०२१ मध्ये लोक नक्की करतात काय ते दाखवायचंय.

१७ जून

ठरलं. अंटार्क्टिकाचं मॉस आपल्या हाती येणार नाही, पण त्याच जीनसमधलं, म्हणजे जवळच्या जातींच्या त्याच गटातलं, एक आपल्या गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चंदेरी-हिरवी गादी दिसते ना, ते ब्रायम अर्जेंटियम, जगात जवळपास सगळीकडे सापडतं, फुटपाथच्या फटीत, कौलावर, आणि हो, अंटार्क्टिकातही. तर टीवायच्या पोरांनी ते नवीनच जात सापडलीय असं धरून पहिल्यापासून वर्णन करायचं, पॅकेट, मोजमाप, चित्र, तुलना, टाइप (नाव ज्याला बांधलं जातं तो नमुना), सगळं. नाव माहीत नाही असं समजायचं. पुस्तक उघडायचं नाही जोपर्यंत मी सांगत नाही.

एक पोरगा म्हणाला मॅडम गुगल लेन्स? नाही.

१९ जून

कलेक्शन. गच्चीच्या जिन्याची किल्ली मामांकडे, मामा म्हणाले मी गेल्याच आठवड्यात तो कट्टा घासायला काढला होता, पावसानं राहिलं. वाचलो.

मॉस गोळा करायचं सुख म्हणजे प्रेस (झाडं दाबून वाळवायचा साचा) लागत नाही. चाकूने गादीचा तुकडा खरवडून उचलायचा, माती थोडी झटकायची, कागदाची घडी घालून पाकीट करायचं, त्यातच वाळू द्यायचं, ना ब्लॉटिंग पेपर ना रोज कागद बदलायची कटकट. पाकिटावर तारीख, नंबर, जागा, उंची, कशावर वाढलंय ते, ऊन किती. "गच्ची" एवढंच लिहून आणलं होतं दोघांनी, परत पाठवलं. सिमेंट की वीट, उभं की आडवं, पाणी साचतं की वाहून जातं? अशी पाच-सहा पाकिटं झाली आज.

हे कॉलेजचं आवार म्हणून कुणाला विचारावं लागलं नाही. जंगलात गेलो असतो तर वनखात्याची परवानगी लागली असती. अंटार्क्टिकात तर तिथली वनस्पती उचलायची तर परमिटच हवं, १९९१ चा माद्रिद प्रोटोकॉल, म्हणजे तिथल्या पर्यावरणाच्या रक्षणाचा करार, आहे, तो १९९८ पासून लागू झाला, आणि भारताचा स्वतःचा अंटार्क्टिक कायदा २०२२ चा. हे पोस्टरवर एका ओळीत घ्यायचं. आपल्या मोहिमांचं सगळं नियोजन वास्कोला, गोव्यात असलेली एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधनाची सरकारी संस्था बघते. पहिली मोहीम पण गोव्यातूनच निघाली होती, डिसेंबर १९८१.

२४ जून

पाकीट नंबर ३ मध्ये दोन मॉस निघाली. वरून एकच गादी दिसत होती, पाण्यात भिजवून पेट्री डिशमध्ये सोडवत बसल्यावर कळलं. चंदेरी ते आपलं, आणि मधेमधे दुसरं, रुंद पानांचं, वाळलं की पानांच्या कडा आत गुंडाळून घेणारं. ते हायोफिला, भिंतींवर नेहमीचंच.

पोरांना वाटलं काम फुकट गेलं. उलट मला आनंद झाला, कारण खऱ्या कामात हेच होतं. झाडाची फांदी तोडली तर ती एकाच झाडाची असते. मॉसच्या मूठभर तुकड्यात कुणीही शेजारी राहायला आलेला असू शकतो, आणि त्याच पाकिटाला उद्या टाइप म्हटलं तर नाव नक्की कुणाचं हा घोळ पुढच्या शंभर वर्षांसाठी करून ठेवला. डीएनए काढतानासुद्धा आधी एकेक शूट, म्हणजे खोड-पानांचं एकेक रोपटं, वेगळं करून धुवावंच लागतं, नाहीतर शेजाऱ्याचा सिक्वेन्स येतो.

३ जुलै

मायक्रोस्कोप. आज पानं.

आधी ऑक्युलर मायक्रोमीटर (आयपीसमधली मोजपट्टी) कॅलिब्रेट करायला लावला प्रत्येकाला, प्रत्येक ऑब्जेक्टिव्ह लेन्ससाठी वेगळा. एफवायला हे प्रॅक्टिकल सगळ्यांनी केलेलं असतं, जर्नलमध्ये टिक पण असते, पण कशासाठी ते आज पहिल्यांदा कळलं असं तोंडावरून वाटलं.

वाळकं शूट थेंबभर पाण्यात ठेवलं की काही सेकंदात पानं उघडतात. मग चिमट्याने शूट धरायचं, दुसऱ्या चिमट्याने पान खालच्या बाजूला ओढायचं, म्हणजे बुडासकट निघतं. बूड फाटलं की ते पान बाद, कारण बुडाच्या पेशी बघायच्या असतात. आपली पानं ०.६ ते ०.९ मिमी. एवढ्याशा पानात वरच्या अर्ध्या भागातल्या पेशी काचेसारख्या स्वच्छ, हरितद्रव्य नाहीच, खालच्या अर्ध्यात हिरवी. चंदेरी रंग येतो तो ह्या रिकाम्या पेशींमुळे, उन्हापासून आडोसा. पोरांनी हे स्वतः बघितलं, मी काही बोलले नाही, एकीने वर बघून विचारलं मॅडम वरचा भाग मेलाय का? म्हटलं लिहून ठेव, जसं दिसतंय तसं, कारण नंतर.

मधली शीर, म्हणजे कॉस्टा, टोकाच्या आधीच संपते की टोकापर्यंत जाते की बाहेर निघते, हे प्रत्येकाने दहा-दहा पानांवर बघून लिहायचं. उत्तरं सारखी येत नाहीयेत. काही पानांत थोडी आधी संपते, काहींत जवळजवळ टोकाला पोचते. आता वर्णनात काय लिहायचं यावर अर्धा तास भांडण. शेवटी एकीने लिहिलं "बहुतेक टोकाच्या आधी संपते, क्वचित टोकापर्यंत". अगदी छापील वर्णनात असतं तसंच वाक्य, आणि तिने कुठलंच वर्णन अजून वाचलेलं नाही.

९ जुलै

कॉस्टाचे सेक्शन. देवाचं नाव घ्या. ओलं शूट स्लाइडवर आडवं, वरून दुसऱ्या स्लाइडची कड दाबून धरायची आणि तिच्या आधाराने नव्या कोऱ्या ब्लेडने कोथिंबीर चिरल्यासारखं चिरत मागे सरकायचं. शंभर तुकड्यांत चार कामाचे. ब्लेडची अख्खी पाकिटं संपली, मामा म्हणाले सलून काढताय का.

चार निघाले खरे. जाड भिंतीच्या पेशींचा झुपका एकाला नीट दिसला, त्याने मोबाईल आयपीसला लावून फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला.

१७ जुलै

कॅप्सूल, म्हणजे दांड्यावरची बीजाणूंची पेटी, नाही. कुठल्याही पाकिटात नाही. गच्ची परत धुंडाळली, लायब्ररीच्या मागची भिंत, सायकल स्टँड, बसस्टॉपचा कठडा. चंदेरी गाद्या भरपूर, दांडा एकालाही नाही.

पाठ्यपुस्तकातलं मॉस म्हणजे फ्युनारिया, त्याला कायम दांडा आणि वर कॅप्सूल, तयार स्लाइडमध्ये तर अगदी फोटोजेनिक, त्यामुळे पोरांच्या डोक्यात मॉस म्हणजे तेच. प्रत्यक्षात कित्येक गाद्या वर्षानुवर्षं नुसत्या तुटून, तुकड्यांनी पसरत राहतात. अर्जेंटियमची छोटी कळीवजा शूट सुटतात आणि पाण्याबरोबर, चपलेबरोबर पुढे जातात.

आणि हाच मुद्दा मला अंटार्क्टिकासाठी हवा होता. ब्रायमच्या जाती ओळखायच्या तर कॅप्सूल, तिच्या तोंडाशी असलेले दात, बीजाणूंचा आकार ह्यावर बराच भर. तिकडच्या थंडीत ब्रायम बहुतेक वेळा कॅप्सूल धरतच नाही. मग उरतात पानं. आणि पानं कशी, तर वारा, बर्फ, पाणी, ऊन यांच्या मर्जीने बदलणारी, ओलाव्यात वाढलं तर सुटी सैल, उघड्यावर वाढलं तर घट्ट बुटकी, एकाच जातीची दोन रूपं बघून दोन जाती वाटाव्यात इतका फरक. तिकडच्या ब्रायमांना पूर्वी वेगवेगळी नावं दिली गेली आणि नंतर त्यातली काही एकाच जातीत विलीन करावी लागली, ती ह्यामुळे. म्हणून बास्ट, वाहिद उल रहमान आणि कीर्ती गुप्ता यांच्या पेपरमध्ये रूप आणि डीएनए दोन्ही आहे. नुसत्या पानांवर नवीन म्हटलं असतं तर कुणीही विचारलं असतं, कशावरून?

डीएनए आम्ही करणार नाही. बजेट एकूण चार हजार, त्यात फ्लेक्स.

२९ जुलै

आज नियम. फळ्यावर तारखा लिहून काढल्या, कंटाळतील असं वाटलं होतं, नाही कंटाळले.

मॉसची अधिकृत नावं १ जानेवारी १८०१ पासून धरतात, कारण हेडविग नावाच्या शास्त्रज्ञाचं मॉसवरचं पुस्तक त्या साली आलं. बाकी वनस्पतींना लिनियसचं १७५३, मॉसला मात्र हेडविग, आणि त्यातही स्फॅग्नमवाल्यांना परत लिनियस. पुस्तक बाहेर येईपर्यंत हेडविग गेलेला होता, १७९९ लाच. आपलं ब्रायम अर्जेंटियम ह्याच पुस्तकातलं, म्हणजे नावांच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून हजर.

१९५८ पासून टाइप सांगितल्याशिवाय नवीन जातीचं नाव ग्राह्य नाही. १९९० पासून तो टाइप कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलाय ते लिहायलाच पाहिजे. २०१२ पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत चालतं आणि पेपर फक्त पीडीएफ असला तरी चालतो, अर्थात नीट आयएसएसएन वगैरे असलेल्या जर्नलमध्ये. एकाने विचारलं मराठीत? नाही चालत, लॅटिन किंवा इंग्रजीच. नाराज झाला, होऊ दे.

मग होलोटाइप. एक पाकीट, एका ठिकाणी. जात म्हणजे अख्खा डोंगर हिरवा करणारी लाखो शूट असली तरी नाव बांधलेलं असतं त्या एका पाकिटाला. कुणाला शंका आली की तिथे जाऊन तेच उघडून बघायचं. आमच्याकडे जवळचं म्हणजे पुण्याचं बीएसआयचं (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) हर्बेरियम, मॉसचं मोठं काम लखनौच्या एनबीआरआय या वनस्पती संशोधन संस्थेमध्ये. आमच्या खेळातला "होलोटाइप" पाकीट नंबर ५, मुक्काम बॉटनी लॅबचं कपाट, कुलूप मामांकडे.

आणि जात कधी नवीन झाली? सापडली २०१७ ला, पण नाव अस्तित्वात आलं छापलं त्या दिवशी, २०२१. मधल्या काळात ती नुसतं एक पाकीट होती. हे वाक्य पोस्टरवर मोठ्या अक्षरात पाहिजे असं मी म्हटलं, पोरं म्हणाली मॅडम पाकीट शब्दावर लोक हसतील. हसू देत.

८ ऑगस्ट

पुस्तकं उघडायची परवानगी दिली. गांगुलींचे पूर्व भारतातल्या मॉसवरचे खंड, झेरॉक्स आहे आमच्याकडे, काही पानांवर शिक्का चित्राच्या बरोबर मध्ये.

तुलनेचा तक्ता सुरू. डाव्या बाजूला आपलं, शेजारी ब्रायमच्या ओळखीच्या जाती. ब्रायम कॅपिलेर, वाळल्यावर पानं शूटभोवती पिळल्यासारखी फिरतात आणि पानाच्या कडेला लांब अरुंद पेशींची स्पष्ट पट्टी. ब्रायम स्यूडोट्रायक्वेट्रम, लालसर खोड, कडेची पट्टी ठळक, पानाचं बूड खोडावर खाली उतरलेलं, हेही अंटार्क्टिकात आहे. ब्रायम कोरोनेटम, आपल्याकडचं नेहमीचं, पण त्याची खरी ओळख कॅप्सूलच्या फुगीर मानेवर, म्हणजे आमच्या कामाचं अर्धंच. आपल्यात कडेची पट्टी नाही, वरच्या पेशी रिकाम्या, शूट गोल गुळगुळीत, शेपटीसारखं.

पोरांना वाटलं होतं की वर्णन म्हणजे आपल्या मॉसबद्दल लिहायचं. तीन आठवडे तेच केलं. आता कळतंय की खरं काम शेजाऱ्यांबद्दल आहे. "हे नवीन आहे" याचा अर्थ "हे यातलं कुठलंच नाही" आणि ते म्हणायला यातलं प्रत्येक माहीत पाहिजे. अंटार्क्टिकात शंभरावर मॉस नोंदलेले आहेत, आणि ब्रायम तर सगळ्या जगात पसरलेलं, त्यात गेल्या काही दशकांत ह्या जीनसचेच तुकडे करून टायकोस्टोमम, रोझुलाब्रायम अशी नवी नावं चाललीयत, म्हणजे शेजारी आडनाव बदलून दुसरीकडे राहायला गेलेले. चार-पाच वर्षं लागली याचं कुणालाच आता आश्चर्य नाही.

तक्ता भरता भरता दुपारी तिघांनी मिळून नाव बरोबर काढलं. अर्जेंटियम. मग विचारलं, वरचा भाग मेलाय का विचारणारी कोण होती? तिनेच काढलं.

१४ ऑगस्ट

हेडिंगवरून वाद. त्यांना पाहिजे "पेंग्विनच्या विष्ठेवर जगणारी भारतीय वनस्पती!!" बातम्यांमध्ये तेच होतं २०२१ ला. खोटं नाही ते, मॉस पेंग्विनांच्या वस्तीजवळ दाट दिसतं आणि नायट्रोजन तिथून मिळतो असं बास्ट यांनीच सांगितलं होतं, तिथल्या नापीक खडकावर दुसरं खत येणार कुठून. पण त्या एका ओळीने बाकी सगळं गिळून टाकलं. भारताचं स्टेशन तिकडे १९८० च्या दशकापासून आहे, आधी दक्षिण गंगोत्री, मग मैत्री, २०१२ पासून भारती, आणि इतक्या वर्षांत वनस्पतीची नवी जात आपल्या शास्त्रज्ञांच्या नावावर पहिल्यांदाच लागली, तर लोकांच्या लक्षात राहिलं पेंग्विनची शी.

आणि "भारतीय वनस्पती" तर नाहीच. नाव भारती स्टेशनवरून आहे, वनस्पती अंटार्क्टिकाची.

तोडगा असा की पेंग्विन खाली कोपऱ्यात, झूलॉजीच्या स्टॉलकडे बाण दाखवून. ते पण खूश.

२३ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधी चित्रं संपवायची म्हणून सगळे उशिरापर्यंत. कॅमेरा ल्युसिडा (मायक्रोस्कोपमधलं दृश्य कागदावर गिरवायचं उपकरण) आमच्याकडे नाही, मोबाईलवर काढलेल्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल, मग ०.१ च्या पेनने शाई. नियम एकच, सावली रेषेने नाही, ठिपक्यांनी. आणि प्रत्येक चित्राशेजारी स्केल बार. फोटोत सगळं दिसतं, चित्रात फक्त लागतं तेवढं, म्हणून अजूनही नव्या जातीच्या पेपरमध्ये हाताने काढलेली प्लेट दिसते. वरच्या रिकाम्या पेशी नुसत्या बाह्यरेषेने, खालच्या हिरव्या पेशींत ठिपके. एकीचा हात इतका स्थिर आहे की तिला म्हटलं डेंटिस्ट हो.

१२ सप्टेंबर

फ्लेक्स आला. भारतिएन्सिस मधला र्‍हस्व दीर्घ दोन ठिकाणी वेगळा आलाय, आता राहू दे.

डेमोसाठी वाळलेलं हायोफिला पेट्री डिशमध्ये, शेजारी पाण्याची स्प्रे बाटली. जून महिन्यातलं, पाकिटात पडून होतं. फवारलं की मिनिटभराच्या आत पानं उलगडतात. ह्याच्या शेजारी कार्ड लावलंय, की अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर गोठलेल्या थरातून काढलेलं दीड हजार वर्षांपूर्वीचं मॉस ब्रिटिश शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये ठेवलं आणि त्याला नवे कोंब फुटले, २०१४ ला प्रसिद्ध झालंय. भारतीजवळचं मॉससुद्धा हिवाळाभर असंच वाळून गप्प राहत असणार आणि उन्हाळ्यात वितळलेलं पाणी मिळालं की परत सुरू, असा अंदाज आहे.

आणि ओझोनचा दुवा एकदाचा नीट जुळला. तिकडची मॉस अतिनील किरणांपासून वाचायला पेशींमध्ये सनस्क्रीनसारखी द्रव्यं तयार करतात, ऑस्ट्रेलियन संशोधकांनी केसी स्टेशनजवळ यावर बरंच काम केलंय. सरांना सांगितल्यावर सर म्हणाले मी म्हटलंच होतं.

१६ सप्टेंबर

प्रदर्शन. स्प्रे बाटलीला रांग, दुपारपर्यंत हायोफिला इतकं भिजलं की दाखवायला उलगडेना, उलगडलेलंच होतं. शेवटी पाकीट ३ मधलं राखीव काढलं.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न, हे गच्चीवरून घालवायचं कसं. एक गृहस्थ तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले, वॉटरप्रूफिंगचं काम करतात म्हणाले, आणि विचारलं की हे चंदेरी आणि ते दुसरं दोन्ही वेगळ्या जागी धरतं का, कारण माझ्या अनुभवात चंदेरी कायम उन्हाच्या बाजूला असतं. पोरांनी लगेच पाकिटांवरच्या नोंदी काढून दाखवल्या, ऊन किती, उभं की आडवं. आमच्या पाच-सहा पाकिटांवरून काही सिद्ध होत नाही हेही सांगितलं, मला ते ऐकून जास्त बरं वाटलं.

शाळेतला एक मुलगा "होलोटाइप" पाकीट उघडू का विचारत होता. मामांनी नाही म्हटलं.

१९ सप्टेंबर

आवराआवर. फ्लेक्स स्टोअररूममध्ये, प्लेटची मूळ चित्रं फाईलला, पाकिटं कपाटात नंबराप्रमाणे. वर्णनाची फायनल कॉपी टाइप करून ठेवलीय, त्यात कॅप्सूल, दात आणि बीजाणू या तीन ओळी कोऱ्या सोडल्यात. पाऊस गेल्यावर थंडीत कुठेतरी धरली तर धरली, दोघीजणी म्हणाल्या आम्ही सायकल स्टँडच्या भिंतीवर लक्ष ठेवतो. मामांना कट्टा घासू नका असं लेखी दिलंय, सरांच्या सहीने. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात ब्लेड जास्त टाकायचेत.